अर्जुनी मोरगावचे मामा तलाव : पाणथळीचा आराखडा तळापासून

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एखाद्या तलावाच्या कोरड्या पोटात ट्रॅक्टर नांगरणी करताना दिसला, तर बघणाऱ्याचा अंदाज दोन प्रकारे चुकू शकतो. पहिला अंदाज, कोणीतरी तलावाची जमीन लाटतंय. गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर तलावाच्या गाळात पीक घेण्याच्या, नावाने सुरुवात आणि पुढे कायमचा कब्जा, ही काही नवी गोष्ट नाही. दुसरा अंदाज, गाळ काढायची सरकारी योजना आली असेल. पण काही तलावांवर चाललेलं असतं भलतंच. नांगरणी करून घेणारे मच्छीमार सहकारी संस्थेचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे लोक, असतात आणि पाऊस लागून पाणी चढू लागलं की त्या नांगरलेल्या तळात ते पाणवनस्पती लावणार असतात. बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, धानाची रोवणी चालू असतानाच तलावात ही दुसरी रोवणी होते.

हे प्रकरण त्या दुसऱ्या रोवणीचं आहे. एका तालुक्यात काही संस्थांनी करून दाखवलेली गोष्ट भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली एवढ्या मोठ्या पट्ट्याचा पाणथळ संवर्धन कार्यक्रम म्हणून उभी करायची झाली, तर सुरुवात कुठून करायची? पैसा कशावर खर्चायचा, अधिकार कोणाला द्यायचा, आणि फायदा आधी कोणाच्या घरात जायला हवा?

तलाव कसा चालतो

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, पाऊस कमी नाही. सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. अडचण त्याच्या वेळापत्रकाची आहे. परतीच्या पावसाने दगा दिला की भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान ऐन पोटरीत असताना बांधी सुकते आणि हाताशी आलेलं पीक जातं. त्या एक-दोन पाळ्यांच्या ओलितासाठी या भागात शेकडो वर्षं तलाव बांधले गेले. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. ऊस आणि धान पिकवणारे, जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखणारे. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा कौल होता, ही आठवण या भागात आजही सांगतात. नवेगावचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव, नवेगाव बांध, कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात.

नवेगाव बांध हा अपवादाने मोठा. बाकीचे तलाव गावापुरते, आणि त्याहून लहान त्या बोड्या. पूर्व विदर्भात मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव नोंदलेले आहेत. कागदोपत्री नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, तोंडी नाव मामा तलाव.

रचना साधी वाटते. तीन बाजूंनी नैसर्गिक चढ, चौथ्या बाजूला मातीची पाळ. पाळीच्या आत पायऱ्यापायऱ्यांचं तुडूम, त्याला एकाखाली एक भोकं. पाणी उतरत जाईल तसतसं खालचं भोक मोकळं करायचं आणि पाटाला पाणी सोडायचं. जास्तीचं पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, बाहेर पडतं आणि बहुतेक वेळा खालच्या गावच्या तलावात किंवा बोडीत जातं. म्हणजे तलाव एकेकटा नसतोच, त्याची माळ असते. वरच्या तलावाचा सलंग कोणी विटा रचून उंच केला तर भांडण खालच्या गावात होतं.

पण आराखडा करणाऱ्याने सगळ्यात आधी बघायला हवा तो तलावाचा आकार. मामा तलाव विहिरीसारखा नसतो, परातीसारखा असतो. पाळीजवळ खोल आणि मागे दूरवर उथळ पसरलेला. उन्हाळ्यात पाणी पाळीकडे सरकतं आणि मागचा मोठा भाग उघडा पडतो. तिथे ढोरं चरतात, पाखरं उतरतात, कोणी थोडं काही पेरतंही. पावसाळ्यात तोच भाग गुडघाभर, कमरेइतक्या पाण्याखाली जातो. दरवर्षी भिजणारा आणि दरवर्षी सुकणारा हा पट्टा हीच पाणथळ. वनस्पती तिथे उगवतात, मासे तिथे अंडी घालतात, पिल्लं तिथे लपतात. पाळीजवळचं खोल पाणी हा ओलिताचा साठा आहे, आणि बहुतेक योजनांना तेवढाच दिसतो.

मालक किती?

ब्रिटिशांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मध्य प्रांतातल्या मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा वसूल करून भरणाऱ्यांना, गावाची मालकी दिली. तलाव त्या मालकीत गेले. सरंजामी व्यवस्था होती ती, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. वेठ होती, पाण्यात पहिला हक्क कोणाचा हे ठरलेलं होतं. पण पाळ फुटली तर कोणाच्या दारात जायचं, हे गावाला ठाऊक होतं. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात. तिथल्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे पाणी, चराई, वापर यांचे जुने हक्क, नोंदींमध्ये राहिले. पाळीची जबाबदारी मात्र हळूहळू कोणाचीच राहिली नाही. आमच्या हक्काच्या पाण्याला पाणीपट्टी कशाची, हा शेतकऱ्यांचा प्रश्न. वसुली नाही तर दुरुस्तीला पैसा कुठला, हा खात्याचा. या दोन प्रश्नांच्या मध्ये पाळी खचत गेल्या.

आज एका साध्या गावतलावाभोवती किती हात आहेत ते मोजून बघा. १०० हेक्टरपर्यंत ओलित करणारा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचा. त्याच्यात पाणी आणणारा ओढा बहुतेक वेळा वन खात्याच्या जंगलातून येतो. मासेमारी मच्छीमार संस्थेची, साधारण पाच वर्षांच्या ठेक्यावर. तुडूम कधी उघडायचं हे लाभक्षेत्रातले शेतकरी ठरवतात. गाळपेराच्या जमिनीचा कागद महसुलाकडे. आणि सारस उतरला की वन्यजीव विभाग येतो, न्यायालयाचा आदेश येतो, जिल्हाधिकाऱ्यांची समिती येते.

कोकणातल्या कांदळवनांशी ताडून बघण्यासारखं आहे. तिथे २०१२ मध्ये वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वन म्हणून घोषित होत गेली. खेकडापालन, कालवपालन अशा उपजीविकेच्या योजना त्याच कक्षाने गावातल्या गटांमार्फत चालवल्या. तिथलं काम सोपं होतं असं मुळीच नाही, पण कोणाशी बोलायचं ते नक्की होतं. कोकणातली ती योजना उचलून झाडीपट्टीत आणली तर पहिल्याच बैठकीत अडेल, कारण इथे बोलावायचं कोणाला हाच मुद्दा आहे.

बिघाड कुठे झाला

सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तलावात चार बदल झाले आणि चारही एकमेकांना हात देत गेले.

एक म्हणजे बेशरम. मूळची दक्षिण अमेरिकेची ही झुडुपी वेल, फुलं जांभळट गुलाबी आणि दिसायला बरी. जनावर तोंड लावत नाही, तोडून टाकलेली काडी चिखलात पडली तरी फुटते. नाव उगाच पडलेलं नाही. उथळ पट्टा तिने व्यापला आणि तिथल्या मूळच्या वनस्पती गेल्या.

दुसरं, माशांचं बी. जास्त उत्पादनासाठी रोहू, कतला, मृगळ यांचं बोटुकलं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची पद्धत सुरू झाली. त्याने पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. नंतर सायप्रिनस (कॉमन कार्प) आला, गवत्या (ग्रास कार्प) आला. गवत्या नावाप्रमाणे पाण्यातलं गवत फस्त करतो. मरळ, शिंगी यांच्यासारखे स्थानिक मासे, ज्यांना बी विकत आणावं लागत नाही आणि ज्यांना बाजारात आणि बाळंतिणीच्या ताटात मान आहे, ते कमी होत गेले. संस्थेची मिळकत विकतच्या बियाण्यावर आणि त्या वर्षीच्या पावसावर टांगली गेली.

तिसरं उन्हाळी धान. पूर्वी तलावातलं पाणी खरिपाला आधार म्हणून होतं. उन्हाळ्यातही धान घ्यायचं म्हटल्यावर तलाव तळापर्यंत उपसला जातो. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये पाळीजवळचं डबकंही संपलं की जून महिन्यात अंडी घालायला मासोळीच उरत नाही.

चौथा बदल सांगताना जरा जपून बोलावं लागतं, कारण तो चांगल्या हेतूने झाला आहे. गाळ काढणं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, त्याशिवाय मामा तलावांच्या दुरुस्तीचे स्वतंत्र कार्यक्रमही झाले. तलाव गाळाने भरलेत हे खरंच आहे, आणि तो गाळ शेतात टाकला तर शेताचं भलंच होतं. पण काम मोजलं जातं घनमीटरमध्ये आणि यंत्र असतं जेसीबी. यंत्राला उतार राखत परातीच्या कडेने खरवडणं परवडत नाही, ते एका जागी उभं राहून खोल खणतं. मग तलावाच्या पोटात उभ्या कडांचे खड्डे तयार होतात. साठा वाढल्याचं कागदावर दिसतं आणि उथळ पट्टा जातो. वरच्या वीतभर मातीत वनस्पतींचे कंद आणि बी असतं, ते ट्रॉलीत भरून शेतात जातं. पुढच्या पावसात त्या खड्ड्यात पाणी असतं, पण त्याच्या कडेला पाय टेकायला जागा नसते. ना बगळ्याला, ना जाळं धरणाऱ्या बाईला.

दुसरी रोवणी

अर्जुनी मोरगाव भागातल्या कामाची सुरुवात एका साध्या चौकशीने झाली. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’मार्फत तलावांचा अभ्यास करत होते. तलावात पूर्वी काय काय होतं, हे विचारायला ते ढिवरांकडे गेले. उत्तरं द्यायला जुनी माणसं होती. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, कोणतं पाखरू कशात घरटं करतं, कोणती वनस्पती किती पाण्यात टिकते, हे सगळं त्यांच्याकडे होतं. पुस्तकी नावं नव्हती, पण जागा आणि हंगाम चोख.

त्या माहितीवरून काम ठरलं आणि संस्थांनी ते हाती घेतलं. त्याचा क्रम असा. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापली तर पुढच्या वर्षी दुप्पट. मग उथळ पट्टा नांगरायचा, कारण वर्षानुवर्षं ढोरांच्या खुरांनी तळ दगडासारखा झालेला असतो आणि त्यात मूळ धरत नाही. पाऊस पडून पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत आलं की जिथे अजून वनस्पती टिकून आहेत अशा दुसऱ्या तलावातून रोपं आणायची. पाटीत ओल्या फडक्याखाली, उन्हात सुकू न देता. चिखलाचा गोळा करून मूळ त्यात दाबायचं आणि तळात रोवायचं. कोवळी रोपं माशांनी खाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी सुरुवातीला जाळीचं कुंपण घातलं जातं.

लावायच्या वनस्पती तीन थरांच्या. पूर्ण पाण्याखाली राहणाऱ्या, म्हणजे हायड्रिला, सेरॅटोफायलम, वॅलिसनेरिया यांसारख्या. त्या पाण्यात प्राणवायू सोडतात, त्यांच्यावर किडे, गोगलगायी आणि माशांची अंडी चिकटतात. मग मुळं तळात आणि पानं वर तरंगणारी, कुमुदिनीच्या जातीची निम्फॉइड्स. त्यांच्या पानांवर कमळपक्षी चालतो आणि खाली सावलीत पिल्लं राहतात. तिसऱ्या थरात अर्धी पाण्याबाहेर येणारी लव्हाळ्यासारखी एलिओकॅरिस. तिच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी लपते आणि तिचे कंद सारस चोचीने उकरून खातो.

हा शेवटचा दुवा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा वाटतो. ढिवर बाई एलिओकॅरिसचं रोप लावते ते माशासाठी, स्वतःच्या चुलीसाठी. सारसाचं ताट आपोआप वाढलं जातं. पक्ष्यासाठी म्हणून वेगळा निधी मागायला जावं लागत नाही. संवर्धन आणि लोकांचा फायदा यांचा मेळ घालायचा म्हणून आराखड्यांत पानंच्या पानं लिहिली जातात. इथे तो मेळ एका कंदात आहे.

वनस्पती परतलेल्या तलावांत स्थानिक मासे वाढले आणि बियाण्यावरचा खर्च हलका झाला, असा तिथल्या संस्थांचा अनुभव आहे. दुसरा बदल घराघरात झाला. मासेमारी संस्थेचे सभासद पुरुष, निर्णय पुरुषांचे, बायका मासे विकायला आणि काठाशी हाताने पकडायला. रोवणीचं काम मात्र बायकांच्या हातचं, कारण धानाची रोवणी जन्मभर त्याच करत आल्या आहेत. रोपं कुठून आणायची, कुठे जगली, कुठे कुजली, हे त्यांना कळतं. त्या जोरावर बायकांचे गट उभे राहिले आणि संस्थेच्या सभासदत्वापासून ग्रामसभेत बोलण्यापर्यंत गोष्टी पुढे गेल्या. कोणत्याही आराखड्यात ‘महिलांचा सहभाग’ असं एक कलम असतं. इथे ते कलम उलट्या दिशेने लिहावं लागेल: काम बायकांचंच आहे, पुरुषांच्या संस्थेत त्यांना वाटा कसा मिळेल ते बघा.

नियमाला न दिसणारी पाणथळ

आता तालुक्याचं काम चार जिल्ह्यांचं करायचं, तर पहिला अडसर कायद्याचा आहे, आणि तो भलताच विचित्र आहे.

रामसर या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराची पाणथळीची व्याख्या भलीमोठी आहे. नैसर्गिक असो की मानवनिर्मित, कायम असो की हंगामी, सगळं तिच्यात येतं. भारतातल्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांची व्याख्या मात्र काही गोष्टी वगळते: नदीपात्र, भातखाचरं, आणि पिण्याचं पाणी, मत्स्यपालन, मीठ, मनोरंजन किंवा सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे. मामा तलाव तर सिंचनासाठीच बांधलेला! तीनशे वर्षांचा असला, त्याच्यात हिवाळ्यात हजारो पाखरं उतरत असली, तरी नियमाच्या लेखी तो पाणथळ ठरणं अवघड. गंमत अशी की उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात मानवनिर्मित तलाव वेगळ्या वर्गात मोजलेले आहेत, आणि सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना आधीच्या, २०१० च्या नियमांमधल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं. म्हणजे जो तलाव उपग्रहाला दिसतो तो नियमाला दिसत नाही, आणि न्यायालयाला अर्धवट दिसतो.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, व्याख्या बदलून घ्या, अधिसूचना काढा. दुसरा, एक-दोन मोठे तलाव निवडून रामसर यादीसाठी पाठवा; महाराष्ट्रात नांदूरमध्यमेश्वर, लोणार, ठाणे खाडी आहेत, चौथा आपला. माझं मत दोन्हींच्या विरोधात आहे, निदान सुरुवातीला तरी. गावात ‘अधिसूचना’ हा शब्द उच्चारला की लोकांना व्याघ्र प्रकल्प आठवतो. नवेगाव-नागझिरा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तुडूम उघडायला परवानगी लागेल, शिंगाडा लावता येणार नाही, जाळं टाकलं तर गुन्हा, ही भीती एकदा बसली की पुढची दहा वर्षं कोणी बैठकीला येत नाही. आणि एका तलावाला मोठा किताब मिळाल्याने त्याच्या माळेतल्या बाकी वीस तलावांचं काहीच भलं होत नाही.

हातातले कायदे पुरतात. वनहक्क कायद्यात, २००६ च्या, सामूहिक हक्कांमध्ये जलसाठ्यातल्या माशांचा आणि इतर उत्पन्नाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. जंगलातल्या आणि जंगलालगतच्या तलावांसाठी ग्रामसभेने तो मागावा. गडचिरोलीतल्या ग्रामसभांना या कायद्याची सवय आहे, मेंढा लेखा या गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्येच मिळाला. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित, क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीच्या पातळीवर सोपवतो. आणि जैवविविधता कायद्याची लोकनोंदवही, म्हणजे गावातल्या जीवजातींची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची नोंद, प्रत्येक गावाने करायचीच असते. बहुतेक गावांत ती कोणीतरी तालुक्याला बसून भरून दिलेली असते, ते सोडा. पण ढिवरांची माहिती नोंदवायला तीच जागा आहे. माशासाठी जागा राखायला या कायद्याचा आधार घेता येतो हे महाराष्ट्रात घडलेलं आहे: आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीच्या उगमाला तिथे सापडणाऱ्या माशामुळेच २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं गेलं.

आराखड्याचा सांगाडा

मग आराखडा कसा असावा? नियोजनाचं एकक म्हणजे तलावही नको आणि तालुकाही नको. एकक म्हणजे तलावांची माळ: जंगलातल्या पहिल्या बोडीपासून नाल्याच्या तोंडापर्यंत. गाढवी, चुलबंद या वैनगंगेच्या उपनद्यांची खोरी घेतली तर अशा माळा नकाशावर बोटाने दाखवता येतात. माळेतल्या सगळ्या संस्था आणि ग्रामसभा एका जाजमावर बसल्या, तर सलंगाचं भांडण, रोपांची देवघेव आणि बेशरमचा बंदोबस्त एकदमच बोलता येतो. बेशरम वरच्या तलावात ठेवून खालच्या तलावातून काढणं म्हणजे पाट चालू ठेवून अंगण पुसणं.

प्रत्येक माळेत एक तलाव रोपवाटिका म्हणून राखायचा. ज्यात अजून तिन्ही थरांच्या वनस्पती टिकून आहेत असा, आणि तो ओळखायला जुन्या ढिवरांनाच न्यायचं. तिथे गवत्या सोडायचा नाही आणि यंत्र लावायचं नाही. हे एवढं एक कलम पाळलं गेलं नाही तर बाकीचा आराखडा कोरडाच, कारण या वनस्पती काही बाजारात मिळत नाहीत.

गाळाचं काय? काढायचाच, पण कुठून ते ठरवून. पाळीजवळचा खोल भाग आणि ओढ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ यंत्राने काढावा. मागचा उथळ पट्टा यंत्राला वर्ज्य. तिथलं काम रोजगार हमीच्या मजुरांचं आणि नांगराचं. अंदाजपत्रकात घनमीटरच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: उथळ क्षेत्र किती हेक्टर राखलं. ज्या गोष्टीला रकाना नसतो ती अभियंत्याच्या लेखी नसतेच, आणि यात त्याचा दोष नाही. त्याचं बिल रकान्यावर निघतं.

पाण्याची वाटणी हा सगळ्यात कठीण भाग. उन्हाळ्यात तुडुमाचं शेवटचं भोक बंदच ठेवायचं, म्हणजे तळाशी माशापुरतं पाणी राहील, यासाठी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना राजी करावं लागतं. फुकट कोणी राजी होत नाही, होऊही नये. संस्थेच्या उत्पन्नातला काही भाग पाटाच्या दुरुस्तीला, असा लेखी करार हा एक मार्ग आहे. शेतकरी आणि ढिवर एकाच गावचे, पण एकाच पंगतीचे नव्हेत. करार तोंडी राहिला तर ज्याची जात आणि जमीन वरची, त्याचं खरं होतं. म्हणून तो ग्रामसभेच्या ठरावात आणि जिल्हा परिषदेच्या ठेक्याच्या अटींत, दोन्हीकडे लिहिला जायला हवा.

पर्यटनाचं थोडक्यात सांगतो. भाजीत मीठ असतं तसं प्रत्येक आराखड्यात पर्यटन असतं. नवेगाव बांधला त्याला जागा आहे. पण गावच्या बोडीवर मनोरा बांधून पर्यटक येत नसतात, मनोऱ्याचं लोखंड तेवढं गंजतं.

सारसाचा वेगळा धागा

सारस या कार्यक्रमाचा चेहरा होणार हे उघड आहे. महाराष्ट्रात तो जवळपास गोंदिया आणि भंडाऱ्यापुरताच उरला आहे, आणि संख्या मोजक्या डझनांत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि त्यातून जिल्हा पातळीवरच्या सारस संवर्धन समित्या झाल्या. विजेच्या उघड्या तारा, शेतातली कीटकनाशकं, अंड्यांची हानी, ही कारणं तिथे पुढे आली.

सारस पावसाळ्यात बहुतेक वेळा धानाच्या बांधीत घरटं करतो, साधारण दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. तेवढ्या जागेतलं धान शेतकऱ्याच्या हातून जातं. घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला देण्याचे प्रयत्न झाले आहेत, तो हवाच. पण एक धोका दिसतो. सारसाचा सगळा पैसा बांधीच्या मालकाकडे गेला आणि ज्या तलावात सारस उरलेले आठ महिने पोट भरतो तो राखणाऱ्या भूमिहीन ढिवराला काहीच मिळालं नाही, तर गावात पक्षी ‘त्यांचा’ होऊन बसेल. समितीच्या जागांमध्ये मच्छीमार संस्थेचा माणूस आणि रोवणी करणाऱ्या गटातली बाई असणं हा शिष्टाचाराचा मुद्दा नाही.

मोजणार काय

यशाचं माप ठरवताना पक्षीगणनेचा मोह होतो. पण सारस दीर्घायुषी पक्षी, पाचसात वर्षांत आकडा हलेलच असं नाही, आणि तोवर निधी संपतो. त्यापेक्षा तीन गोष्टी दरवर्षी गावालाच मोजता येतात. मे महिन्याच्या शेवटी तलावात पाणी किती उरलं, ते तुडुमाच्या कोणत्या पायरीवर आहे हे बघून. उथळ पट्ट्यात बेशरम किती आणि लावलेल्या वनस्पती किती, पावलांनी मोजून. आणि संस्थेच्या वहीतली दोन वेगळी खाती: बी आणून वाढवलेला मासा किती किलो, न आणता मिळालेला किती. हे दुसरं खातं भरत गेलं म्हणजे तळ जिवंत होतोय.

ठेक्याचा हिशेब मात्र अजून बसत नाही. बेशरम पूर्ण जायला दोन-तीन उन्हाळे लागतात. रोपं लावल्यावर ती पसरून माशाला आडोसा व्हायला आणखी एक-दोन पावसाळे. म्हणजे फळ दिसू लागतं ते ठेक्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, ज्या वर्षी ठेका संपतो. नूतनीकरणाच्या वेळी तलाव सुधारला म्हणून दुसऱ्या कोणाचा डोळा त्याच्यावर गेला, तर ज्यांनी चिखलात उभं राहून रोवणी केली त्यांच्या हाती काय राहतं? रोवणी केलेल्या संस्थेला दहा वर्षांचा ठेका आणि नूतनीकरणात पहिला हक्क, एवढी दोन कलमं जिल्हा परिषदेने ठरावात घातली, तर नांगराच्या भाड्याचे पैसे संस्था स्वतः काढतील. नाही घातली, तर पुढच्या मे महिन्यात ट्रॅक्टर कोणी सांगायचा यावरच बैठक अडेल.